पळस्पे फाट्यास परराष्ट्राचा दर्जा मिळणेबाबत

प्रति,
परराष्ट्र मंत्रालय, नवी दिल्ली.

महोदय,

अर्जदार पळस्पे फाटा, तालुका पनवेल, जिल्हा रायगड. जुना मुंबई-पुणे रस्ता त्याच्यावरून जातो, गोव्याचा इथेच फुटतो आणि जेएनपीटी बंदराचे कंटेनरही इथेच येऊन खोळंबतात. अर्जदारास आजवर भारताचा भाग समजण्यात आले आहे. ही समजूत दुरुस्त करून त्यास मित्रराष्ट्र घोषित करावे, ही विनंती.

कारण उघड आहे. पोलिसांना इमारत, गाड्या, प्रशिक्षण हवे असेल तर परदेशी असणे सोयीचे पडते. मालदीवच्या अड्डू शहरात भारताच्या अनुदानातून पोलीस महाविद्यालय उभे राहिले. मार्च 2022 मध्ये परराष्ट्रमंत्री जयशंकर जातीने उद्घाटनाला गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी नेपाळला 200 गाड्या भेट मिळाल्या, त्यांतल्या 120 सुरक्षा दलांसाठी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोलीस अकादमीत नेपाळ, भूतान, मालदीवचे अधिकारी आपल्या आयपीएसवाल्यांबरोबर शिकतात.

अर्जदाराची याबद्दल तक्रार नाही. शेजार राखायचा तर हात सैल सोडावा लागतो, नाहीतर चीन टपलेलाच आहे. पण पैसा दिला म्हणून माणूस आपला होतो, असेही नाही. महाविद्यालयाच्या उद्घाटनाला दीड वर्ष होते न होते तोच मालदीवमध्ये ‘इंडिया आउट’वाले मुइझ्झू निवडून आले आणि 10 मे 2024 पर्यंत भारतीय सैनिकांना तिथून निघावे लागले. अर्जदार लेखी देतो की तो कोणालाही ‘आउट’ म्हणणार नाही. या फाट्यावरून लवकर बाहेर पडणे तसेही कोणाला जमत नाही.

अमेरिकेचे तर याहून वाईट झाले. तिने शिकवलेल्या पोलिसांवर लॅटिन अमेरिकेत कैद्यांच्या छळाचे आरोप झाले आणि 1974 मध्ये तिच्याच काँग्रेसने परदेशी पोलिसांच्या मदतीवर बंदी घातली. (पुढे अपवाद इतके निघाले की बंदी नावापुरती उरली.)

आपण म्हणाल, पोलीस हा राज्याचा विषय, गृहखात्याकडे जा. तिकडे 2021-26 साठी आधुनिकीकरणाची 26,275 कोटींची एकछत्री योजना निघाली खरी, पण त्या छत्रीखाली काश्मीरपासून नक्षलग्रस्त भागापर्यंत सगळे उभे राहिले. शिवाय राज्यांकडून आधुनिकीकरणाचा निधी वेळेत खर्च होत नाही, हे कॅगने वेळोवेळी लिहून ठेवले आहे. मित्रराष्ट्राला मात्र गाड्यांच्या किल्ल्या समारंभाने हातात मिळतात.

साधनांचे मोल महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर मुंबई पोलिसांतल्या तुकाराम ओंबळे यांनी दहशतवादी कसाबची एके-47 धरून ठेवली. त्यांच्याकडे होती ती लाठी.

अर्जदाराची गरज त्या मानाने किरकोळ. त्याच्यापासून इंदापूरपर्यंतच्या चौपदरीकरणाला 2011 मध्ये सुरुवात झाली आणि 2025 चे गणपती आले तरी मुंबई-गोवा महामार्ग पुरा झाला नव्हता. दर गणपतीत अवजड वाहनांना बंदीचा आदेश निघतो आणि तो अमलात आणायला उरतो पावसात उभा असलेला हवालदार, हात आणि शिट्टी घेऊन. त्याला गाडी, क्रेन आणि थोडे प्रशिक्षण मिळावे.

अर्ज मंजूर झाल्यास किल्ल्या देण्याचा समारंभ गणपतीच्या किमान आठवडाभर आधी ठेवावा. नंतर ठेवल्यास मंत्रिमहोदयांची गाडी वेळेवर पोहोचेल, याची हमी अर्जदार देऊ शकत नाही.

आपला नम्र,
पळस्पे फाटा