बाइंड-भाऊ

खामगाव, मलकापूर, चिखली, कुठंही जा. तालुक्याला एक बाइंड-भाऊ असतोच. जिनिंगच्या काटापट्टीचं, कृषी केंद्राच्या उधारीचं, पतसंस्थेच्या हप्त्यांचं सॉफ्टवेअर त्याच्याच हातचं. भाषा पीएचपी, डेटाबेस मायएसक्यूएल, आणि खिशात एक पेन ड्राइव्ह, 'बॅकअप हाये' असं सांगण्यापुरता.

पूर्वी भाऊ गिऱ्हाइकाचं नावगाव थेट क्वेरीत चिकटवायचा. एसक्यूएल इंजेक्शनची भीती कुणी घातली की म्हणायचा, "नावात तो वरचा कॉमा वसईच्या डिसोजाच्या असते. आपल्याकडं सारे इंगळे अन् देशमुख!" मग एका अडत्यानं शेऱ्याच्या रकान्यात 'एक नंबर' माल असं अवतरणचिन्हांसकट लिहिलं आणि क्वेरी जागीच मोडली. किंमत क्वेरीत न चिकटवता वेगळी बांधून, म्हणजे बाइंड करून, देणारं पीडीओ पीएचपीत २००५ साली आलं. भाऊकडं ते या शेऱ्यामुळं आलं. तेव्हापासून तो दिसेल ते बाइंड करतो, अगदी टेबलाचं नावही. ते होत नाही, हे त्याला अजून पटलेलं नाही.

ऐन कापसाच्या हंगामात जिनिंगवरून फोन आला. पावतीवर शेतकऱ्याचं नाव ७१००, गाव ७१००, क्विंटल ७१०० आणि भावही ७१००. शेतकरी म्हणत होता, "मले वजन मंजूर हाये."

भाऊ म्हणाला, "व्होल्टेज पाहा राजेहो." मग अँटिव्हायरस झाला, मग नेट झालं, मग सर्व्हरवाल्याचा उद्धार झाला. लोणारच्या उल्केचं नाव तेवढं निघायचं राहिलं. भेंडवळची घटमांडणीसुद्धा अक्षय्य तृतीयेला मांडली की दुसऱ्या पहाटे पीकपाणी सांगून मोकळी होते. भाऊचं निदान त्याहून लांबतं, कारण स्वतःची क्वेरी तो सगळ्यात शेवटी वाचतो.

चूक होती लूपमधल्या बाइंडपॅरमची. ते किंमत घेत नाही, व्हेरिएबलशी नातं जोडतं, आणि क्वेरी चालवण्याच्या क्षणी त्यात जे असेल ते उचलतं. लूप संपला तेव्हा व्हेरिएबलमध्ये उरला होता फक्त भाव, म्हणून चारही रकान्यांत भावच. बाइंडव्हॅल्यू लिहिलं असतं तर ज्याची किंमत त्याला तिथंच मिळाली असती. भाऊनं तो एक शब्द बदलला, पावती निघाली, आणि बिलात त्यानं लिहिलं: 'व्हायरस काढला'.

माणूस कामाचा आहे, त्याला काम जरूर द्या. फक्त "नेट स्लो आहे का?" असं त्याला विचारू नका, तो लगेच हो म्हणेल.