कविराज आणि समोरची पार्टी

कोकणातल्या माणसाला गाणं सुचतं ते समुद्र, माड आणि पहिला पाऊस बघून, असा समज घाटावर फार जुना आहे. शक्ती-तुऱ्याची गाणी लिहिणाऱ्या कविराजांसमोर तो बोलून बघा. समुद्र त्यांच्या वाडीपासून एसटीने दीड तासावर, माड शेजाऱ्याचे आणि पहिला पाऊस आला की कौलं गळतात. त्यांना गाणं सुचायला एकच गोष्ट लागते, ती म्हणजे समोरची पार्टी. समोरच्या शाहिराने मागच्या बारीला, म्हणजे सामन्याला, काहीतरी झोंबणारं बोलून ठेवलेलं असलं की आमच्या माणसाची प्रतिभा तीन महिने चालते.

कविराज हा कुणी एक माणूस नव्हे. संगमेश्वर, लांजा, राजापूर, गुहागर या पट्ट्यात जाखडीचा, म्हणजे शक्ती-तुऱ्याचा, नाच असलेल्या गावागावांत तो सापडतो आणि त्या गावाचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ असेल तर तिथे हमखास सापडतो. गातो तो शाहीर. फेटा त्याचा, माइक त्याचा, ‘शक्ती-तुऱ्याचा जंगी सामना’ या बॅनरवर बोट उगारलेला मोठा फोटोही त्याचाच. कविराजांचं नाव त्याच बॅनरच्या तळाशी, ढोलकीवाला आणि मंडपवाला यांच्या मधे कुठेतरी. ते नाव आहे याची खात्री ते स्वतः जाऊन करून घेतात आणि काना-मात्रा चुकली असेल तर कुणाला काही न बोलता घरी येतात.

कारण एरवी हा माणूस अतिशय गरीब. कुणी बेस्टमध्ये कंडक्टर, कुणी हॉस्पिटलात वॉर्डबॉय, कुणी कुरिअरच्या पिशव्या उचलणारा. रिक्षावाल्याने पाच रुपये जास्त घेतले तरी ‘असूं दे’ म्हणणारा. लोकलमध्ये खिडकीची जागा मिळाली तर दुसऱ्याला विचारून बसणारा. आणि हाच माणूस रात्री दोनशे पानी वहीत समोरच्या शाहिराला लंगड्या बैलापासून रावणाच्या दहाव्या तोंडापर्यंत सगळं करून सोडतो. सकाळी परत भाजीवालीला ‘ताई’ म्हणून कोथिंबीर मागतो.

भांडणाचं मूळ तसं भव्य आहे. कलगी म्हणजे शक्तीवाले आदिमायेला श्रेष्ठ मानतात, तुरेवाले शिवाला. पेशवाईतल्या शाहिरांपासून हा वाद चालू आहे आणि तो सुटू नये याची दोन्ही बाजू मनापासून काळजी घेतात. कविराज कोणत्या बाजूचे हे त्यांच्या चिंतनावर अवलंबून नसतं. वरच्या वाडीत जन्मले तर शक्ती, खालच्या वाडीत जन्मले तर तुरा. एकदा बाजू ठरली की सृष्टी कुणी निर्माण केली याबद्दल मनात तिळभर शंका राहत नाही.

या मंडळींची बैठक रविवारी लालबागला गावकीच्या खोलीत भरते. गिरण्या चालू होत्या तेव्हा अशा एकेका खोलीत गावचे पंचवीस-तीस बाप्ये पाळीपाळीने झोपायचे. ट्रंका भिंतीला, वळकट्या माळ्यावर आणि जेवण खानावळीत. गिरण्या गेल्या, माणसं नालासोपारा, विरार, दिव्याला पांगली. खोली राहिली, आणि खोलीत कवी राहिले.

तिथे चार प्रकारचे कवी जमतात. पैकी दोघांबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही. एक फक्त यमक सांगतो. दुसरा पोरगेला आहे, मोबाइलवर लिहितो, आणि त्याची गाणी मोबाइल बदलला की नाहीशी होतात. तिसरा मात्र पोथीवाला, आणि तो असल्याशिवाय पार्टी उभी राहत नाही. बारीत गण झाला, गौळण झाली की सवाल-जवाब सुरू होतात आणि मग पुराणातल्या कुठल्या तरी कोपऱ्यातलं माणूस शोधून त्याच्या सासऱ्याचं नाव विचारायची पद्धत आहे. त्यासाठी पोथीवाल्याने श्रीधराचे हरिविजय, रामविजय, पांडवप्रताप आणि शिवलीलामृत कोळून प्यायलेत. नवनाथ भक्तिसाराचे चाळीस अध्याय त्याला उलटे येतात. शिवलीलामृताचा अकरावा अध्याय लोक पुण्यासाठी वाचतात, हा तिथे समोरच्याला अडकवायची जागा शोधतो. भक्तीच्या ग्रंथांचं इतकं बारकाईने वाचन इतक्या दुष्ट हेतूने क्वचितच कुणी केलं असेल. हल्ली समोरचाही विंगेत मोबाइल उघडून उत्तर काढतो, हे त्याचं मोठं दुःख. ‘ग्रंथ दाखवा!’ असं ओरडण्यात पूर्वी जी मजा होती ती गेली म्हणतो.

चौथे आपले कविराज. त्यांची वही एकदा उघडून बघण्यासारखी असते. प्रत्येक पानावर सर्वांत वर ‘चाल’ आणि तिच्यापुढे एखादं गाजलेलं कोळीगीत, हिंदी सिनेमातलं गाणं किंवा मागच्या गणपतीत डीजेवर वाजलेलं काहीतरी. शब्द आधी की चाल आधी हा प्रश्न मोठमोठ्या संगीतकारांना पडला असेल, इथे पडत नाही. चाल नेहमीच आधी, कारण ती तयार मिळते. ढोलकीवर आठ मात्रा धरल्या की शब्द त्यात बसवायचे. नाही बसले तर ‘हो जी’, ‘गं बाई’, ‘रं गड्या’ यांची पुडी वहीच्या मागच्या पानावर बांधून ठेवलेली असते.

गंमत अशी, की याच चालीवरून हाणामाऱ्यांपर्यंत गोष्टी जातात. मुंबईच्या स्टुडिओत कुणीतरी बांधलेली, कुणीतरी गायलेली चाल आपण आधी उचलली आणि समोरच्याने ती आपल्याकडून चोरली, असा कविराजांचा दावा असतो. मी एकदा भीत भीत म्हटलं, ‘कविराज, पण ती चाल मुळात...’ त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पुढचं वाक्य चहाबरोबर गिळलं. कॉपीराइटचा कायदा आपल्याकडे १९५७ चा आहे, गाणं कागदावर उतरलं की शब्दांचा हक्क आपोआप लिहिणाऱ्याचा होतो, नोंदणी केलीच पाहिजे असं नाही, हेही मी एकदा सांगून पाहिलं. त्यांना त्यात नवल वाटलं नाही. त्यांचा कायदा जुना आहे. शेवटच्या कडव्यात छाप टाकायची.

आणि छाप म्हणजे काही नुसतं नाव नव्हे. गुरूंचं नाव, गुरूंच्या गुरूंचं नाव, गाव, वाडी, ग्रामदेवता, मंडळ, शाहीर आणि सरतेशेवटी ‘कवी म्हणे’. गाणं तीन कडव्यांचं, छाप पाच ओळींची. एका मंडळाच्या नावात ‘उत्कर्ष’, ‘नवतरुण’ आणि ‘मित्र’ हे तिन्ही शब्द होते. ते आठ मात्रांत बसवताना कविराजांनी अख्खा भाद्रपद घालवला. शेवटी ढोलकीवाल्याला तेवढी ओळ गपगुमान बसायला सांगितलं.

प्रेरणेचा दुसरा अखंड झरा म्हणजे मुंबई-गोवा महामार्ग. चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं आणि त्याच सुमारास कविराजांनी त्यावर पहिलं गाणं लिहिलं. बाकीची विषयवार गाणी दरवर्षी जुनी होतात. कांद्याचा भाव उतरतो, निवडणूक संपते, करोना जातो. हे एकच गाणं असं, की त्यातला शब्दही बदलावा लागत नाही. ‘पुढच्या गणपतीला’ ही ओळ दरवर्षी ताजी. फक्त मंत्र्याच्या नावासाठी चार मात्रांची जागा मोकळी सोडलेली आहे. खातं बदललं की कविराजांना पहिली काळजी नव्या मंत्र्याच्या आडनावाची. एका वर्षी लांबलचक आडनावाचा मंत्री येणार अशी बातमी होती, तेव्हा ते दोन रात्री झोपले नव्हते.

रेल्वेवर मात्र त्यांनी टीका केली नाही. दादरहून सुटणाऱ्या सावंतवाडीच्या गाडीला केशवसुतांच्या कवितेवरून ‘तुतारी’ नाव दिलं, याचा त्यांना रत्नागिरीकर म्हणून आणि कवी म्हणून दुहेरी अभिमान. केशवसुत मालगुंडचे, म्हणजे गाववालेच. गणपतीत त्या गाडीला वेटिंगचं तिकीट घेऊन दाराशी उभ्याने जातानाही ते शेजारच्या प्रवाशाला सांगतात, ‘कवितेचं नाव आहे हो गाडीला.’ शेजारच्याचा एक पाय अधांतरी असतो. तो ‘व्हय’ म्हणतो.

फक्त एकदाच मी त्यांचं गाणं अडलेलं पाहिलं. २०२३ मध्ये परळचं दामोदर नाट्यगृह नव्याने बांधायचं म्हणून बंद झालं. १९२२ पासूनची वास्तू, आणि चाकरमान्यांच्या कितीतरी बाऱ्या तिथे उजाडेपर्यंत रंगलेल्या. कविराजांनी त्यावर विलापिका लिहिली. खरंच चांगली होती. पण बारीच्या आदल्या दिवशी कळलं, समोरच्या पार्टीनेही दामोदरवरच लिहिलंय आणि तेही त्याच चालीवर. दोन्ही कवींचं दुःख एकच निघालं. आता भांडायचं कशावर? दोघांनीही गाणी मागे घेतली आणि नेहमीप्रमाणे एकमेकांच्या बुद्धीवर लिहिलं.

माझं मत विचाराल तर त्यांचा गण सुमारच असतो. गणपतीला ते जे सांगतात ते सर्वांनी सांगून झालेलं असतं. जवाब मात्र ऐकावा. शिवीच्या अलीकडे एक बोट थांबायचं आणि तिथून वाकून पलीकडे बघायचं, हे कसब त्यांना साधलंय. अलीकडचे काहीजण ते बोट थांबत नाहीत. पुढच्या रांगेत बायका-पोरं असतात याचं भान नसतं. आता तर शाहीर म्हणूनही बायका उभ्या राहतात, आणि त्या जेव्हा उलट उत्तर देतात तेव्हा या न थांबणाऱ्या मंडळींची ढोलकी आपोआप मंद होते.

आणि ज्यांच्यावर हे सगळं लिहायचं ते समोरच्या पार्टीचे कवी कोण? दिव्याला कविराजांच्या मागच्याच चाळीत राहतात. स्टेजवर अरे-तुरे, फलाटावर अहो-जाहो. एकमेकांचा डबा उघडतात. गेल्या मे महिन्यात त्यांच्या मुलीचं लग्न गावी होतं, तेव्हा मंगलाष्टकं आमच्या कविराजांनीच लिहून दिली. शार्दूलविक्रीडितात, ओळीला मोजून एकोणीस अक्षरं. ‘गं बाई’ कुठेही नाही. भटजींनी म्हटली, लोकांनी अक्षता टाकल्या, वधूपिता डोळे पुसत कविराजांपाशी आला. हात हातात घेतला. सगळ्यांना वाटलं आता गळाभेट.

‘कविराज,’ तो कानाशी येऊन म्हणाला, ‘तिसऱ्या कडव्यात दुसऱ्या ओळीत वीस भरतात.’

कविराजांनी जागच्या जागी बोटांवर मोजलं. वीसच होती. जेवणाच्या पंगतीत ते माझ्या शेजारी बसले, जिलबी बाजूला सारली आणि खिशातून लग्नपत्रिका काढून तिच्या कोऱ्या पाठीवर लिहायला लागले. सर्वांत वर लिहिलं ‘चाल’, आणि मला विचारलं, ‘मगाशी वरातीत बँडवाल्यांनी काय वाजवलं रे ते?’