अप्पांचं एक्केचाळीस

महागडं घड्याळ घेणाऱ्यांच्या दोन जाती सगळ्यांना माहीत असतात. एक, बाही दोन घड्या वर करून "अरे, वाजले किती?" असं स्वतःलाच मोठ्यांदा विचारणारी. दुसरी, तेच घड्याळ बाहीखाली दडवून आयकर खात्याच्या काळजीत फिरणारी. आमचे शेजारी अप्पा तिसऱ्या जातीतले. ही जात सदाशिव पेठेत उगम पावून कोथरूडपर्यंत पसरली असावी. घड्याळ भारी हवं, जाणकाराच्या नजरेत ते भरायला हवं. पण साडूला कळता कामा नये.

बँकेतून निवृत्त होईपर्यंत अप्पांच्या मनगटावर सासऱ्यांनी लग्नात दिलेलं एच.एम.टी. होतं. सकाळी दात घासले की चावी, मग चहा. मध्यंतरी चावी झिजून नुसतीच गोल फिरायला लागली. दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, कंपनी बंद करायचं सरकारने २०१६ सालीच ठरवलं. पार्ट कुठून आणू?" नेमकी त्याच महिन्यात एक एफडी मॅच्युअर झाली. अप्पांना हा दैवी संकेत वाटला.

पुढचं दीड वर्ष त्यांनी अभ्यासात घालवलं. पहिला अभ्यास मनगटाचा. वहिनींच्या शिवणाच्या टेपने मोजलं, भरलं पावणेसात इंच. मग जुन्या लग्नपत्रिकांतून करकटकाने चकत्या कापल्या: छत्तीस, एकोणचाळीस, एक्केचाळीस आणि बेचाळीस मिलिमीटरच्या. पट्टा अडकवायची शिंगंसुद्धा कापायला विसरले नाहीत, कारण "चकती लहान असली तरी शिंगं मनगटाबाहेर गेली की घड्याळ ताटावर ठेवलेल्या परातीसारखं दिसतं." प्रत्येक चकतीवर बॉलपेनने दहा वाजून दहा मिनिटं काढली, जाहिरातीत असतात तशी. ती रबरबँडने बांधून एकेक आठवडा घरात वावरले. एका चकतीच्या मागे 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' अशी अक्षरं होती. "अप्पांना हाताला काय झालं?" असं कामवाल्या मावशींनी विचारलं, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "हाताला काही नाही."

मग दुकानं सुरू झाली. सोबतीला मी. का, तर माझ्याकडे बघून हे दोघं खरेदीला आलेत असं कुणालाच वाटत नाही आणि सेल्समन मागे लागत नाही.

रोलेक्स हातात घेतलं आणि लगेच खाली ठेवलं. "ओळखतात हो सगळे. पेपर टाकणारासुद्धा ओळखेल." सोन्याचं दाखवलं तर "हे बिल्डरचं." कार्टियेचं चौकोनी टँक पाहिलं, १९१७ साली पहिल्या महायुद्धातल्या रणगाड्यावरून त्याचा घाट सुचला, हे अप्पांनीच सेल्समनला सांगितलं आणि वर म्हणाले, "पण आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाई असलंच घालतात." रिव्हर्सोवर मात्र जीव जडला होता. भारतात पोलो खेळणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या, म्हणून १९३१ साली हे निघालं. खेळायच्या वेळी डबी उलटी फिरवायची, काच आत. अप्पांनी ती वीसेक वेळा उलटसुलट केली. मग सुस्कारा सोडला. "आपण कॅरम खेळतो."

ओमेगाच्या स्पीडमास्टरने त्यांना सगळ्यात जास्त छळलं. चंद्रावर जाऊन आलेलं घड्याळ, शिवाय रोज चावी द्यायची, म्हणजे एच.एम.टी.चा संसार पुढे चालू. पण हात वाकवला की चावीचं बोंड मनगटाच्या मागच्या बाजूला टोचायचं. अप्पांनी तिथल्या तिथे जोर काढल्यासारखं करून पाहिलं. सेल्समनने पाण्याचा पेला आणला.

इथे माझंही एक मत सांगून टाकतो. वेळ बघायला घड्याळ घ्यायचं असेल तर फुटपाथवरचं क्वार्ट्झ घ्यावं. त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि महिन्याकाठी दहा-पंधरा सेकंद इकडेतिकडे होतो. लाखांच्या स्विस यंत्राने दिवसाला चार सेकंद मागे किंवा सहा सेकंद पुढे एवढं राखलं, की त्याला प्रमाणपत्र देऊन गौरवतात. हे मी अप्पांना म्हटलं. ते म्हणाले, "सवाई गंधर्वला जाता तेव्हा वेळेवर संपतं का, असं विचारता?" मी गप्प बसलो.

अखेर घड्याळ सापडलं ते जपानी. ग्रँड सिको. बर्फाची भुरभुर पडावी तशी पांढरी तबकडी, निळा सेकंदकाटा आणि तो टिकटिकत नाही, तर तेलाची धार लागावी तसा सरकतो. आत स्प्रिंगच, पण तिच्यावर लगाम क्वार्ट्झचा. सेल्समन म्हणाला, "सर, केस टायटॅनियमची आहे, चेनसुद्धा."

"चेनीत माझे केस अडकले नाहीत म्हणजे झालं."

नाही अडकले. अप्पांनी मूठ वळली, हात झटकला, खुर्चीच्या हातावर मनगट घासलं (सेल्समनने डोळे मिटले), हात टेबलाखाली नेऊन पाच मिनिटं तसेच बसले. "काय करताय?" मी विचारलं. "विसरतोय," ते म्हणाले. "विसरता आलं की ते आपल्या हाताचं. टायटॅनियम पोलादाच्या जवळजवळ निम्म्या वजनाचं, जाणवतच नाही हो!" चेहऱ्यावर मात्र विसरल्याची काही खूण नव्हती. किंमत मी सांगणार नाही. दोन लाखांच्या वरच्या खरेदीला पॅनकार्ड लागतं आणि अप्पांनी ते बरोबर आणलं होतं, एवढं पुरे.

खरा आनंद त्यांना नावाचा होता. "सिको! आपल्याकडे ऐंशीच्या सुमारास मस्कतहून येणारा प्रत्येक जण एक सिको आणायचा. कुण्णाला संशय येणार नाही."

घरी वहिनींनी दार उघडलं, घड्याळ पाहिलं.

"घेतलंत एकदाचं? कुठलं?"

"सिको."

"केवढं?"

"एक्केचाळीस," अप्पा म्हणाले आणि पुढचा 'मिलिमीटर' चप्पल काढताना चपलेलाच सांगितला. युधिष्ठिराने 'नरो वा कुंजरो वा' म्हटलं तेव्हा श्रीकृष्णाने शंख तरी फुंकला होता. इथे मला नुसता खोकला काढावा लागला.

"एक्केचाळीस हजार! सिकोला?" वहिनी म्हणाल्या. "असू दे. आयुष्यभर कुठे काय घेतलंत."

पुढचे तीन महिने अप्पा सुखात होते असं म्हणवत नाही. कारण कुणालाच काही कळेना. मुंजीत साडूंनी मनगट धरून जवळून पाहिलं. "सिको काय? आणि हा पेट्रोलचा काटा कशाला?" स्प्रिंग किती उरली ते दाखवणारा तो काटा. बहात्तर तासांची बेगमी असते आत. अप्पांनी तोंड उघडलं आणि मिटलं. साडूंनी स्वतःच्या मनगटावरचं, हृदयाचे ठोके मोजणारं रबरी घड्याळ दाखवून त्यात अप्पांचा रक्तातला प्राणवायू मोजून दिला. शहाण्णव टक्के निघाला. एकदा लिफ्टमध्ये बी विंगमधला मुलगा घड्याळाकडे टक लावून बघत होता. अप्पांनी श्वास रोखला, हात थोडा उजेडात धरला. मुलगा म्हणाला, "काका, तिसऱ्याचं बटण दाबता का?"

गेल्या आठवड्यात वहिनींनी मला चहाला बोलावलं. समोर वाण्याची यादी आणि दोरीचा चष्मा.

"अधिक महिना आलाय. दोन्ही जावयांना तेहतीस तेहतीस अनारसे तर होतीलच. पण माझ्या बाबांनी यांना लग्नात घड्याळ दिलं, ते यांनी मरेस्तोवर वापरलं. आपण पोरांना काय दिलं? शर्टपीस. तेव्हा मी ठरवलंय, यांच्यासारखंच घ्यायचं, अगदी हेच. इतकं हलकं आहे म्हणे, विसरायलाच होतं. ब्याऐंशी हजार. माझ्या भिशीचे पन्नास आहेत, वरचे हे घालतील. तुम्हाला दुकान माहितीय ना?"

मी अप्पांकडे पाहिलं. ते टेबलाखाली हात नेऊन बसले होते.