आधी नाव सांगा, मग बाहेर या

"काय हो काकू, कानटोपी घालून जास्वंदीला पाणी?"

"तर काय! तेरा डिग्रीवर आलंय बेळगाव. आणि आमचे सुभेदार बघ, बनियनवर फिरतायत. सियाचीनला राहून आलेल्या माणसापुढं थंडीचं नाव काढायची सोय नाही."

मला विषय मिळालाच. रात्री नॉर्वेतला एक व्हिडिओ बघितला होता. बार्डुफॉसजवळचं गोठलेलं तळं, त्यात पाडलेलं भोक, आणि ब्रिटिश मरीन जवान एकामागून एक त्या काळ्या पाण्यात उतरतायत. पायात स्की, पाठीवर सामानाची पिशवी.

"अगं बाई! शिक्षा काय ही?"

"सराव हो. चालता चालता पायाखालचा बर्फ फुटला तर काय करायचं त्याचा. पिशवी काठावर ढकलायची, स्कीच्या काठ्या बर्फात रोवायच्या आणि अंग वर ओढायचं. पण त्याआधी काठावरच्या साहेबाला आपलं नाव, नंबर सांगायचा आणि बाहेर यायची परवानगी मागायची."

"परवानगी? बुडायला लागल्यावर?"

सुभेदारकाका तोंडातला ब्रश काढून कुंपणापाशी आले. "शहाणपण आहे त्यात. गार पाण्यात पडलं की धाप लागते, शब्द फुटत नाही. नाव धड सांगता आलं म्हणजे श्वास ताब्यात आला, आता डोकं चालेल. नाहीतर माणूस नुसता हातपाय मारत राहतो."

बाहेर आल्यावर ते जवान बर्फातच लोळतात, भुरभुरीत कोरडा बर्फ कपड्यातलं पाणी ओढून घेतो, असं मी सांगितलं. "पोळी पिठात घोळवतो तशी," काकू म्हणाल्या. त्यांना आता गोडी लागली होती.

2024 च्या मार्चमध्ये तिकडं 'नॉर्डिक रिस्पॉन्स' नावाचा मोठा लष्करी सराव झाला. 13 देश, 20,000 हून जास्त सैनिक, नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडचा उत्तर भाग. गंमत म्हणजे सराव चालू असतानाच, 7 मार्चला, स्वीडन नाटोचा सभासद झाला.

"म्हणजे पंगत बसल्यावर पाहुण्याचा जावई झाला," काकू म्हणाल्या. "पण एवढ्यांना प्यायला पाणी कुठलं गं? सगळंच गोठलेलं."

"बर्फ वितळवायचा," काका म्हणाले. "नुसता बर्फ भांड्यात टाकलास तर बूड करपतं. तळाला आधी थोडं पाणी पाहिजे."

"आम्ही दूध तापवताना घालतो तसंच की! उगीच एवढे अधिकारी लागतात."

काका हसले. म्हणाले, त्या मुलखात निम्मं युद्ध हे असलंच. चालताना अंगावर कपडे कमी ठेवायचे, कारण घाम आला की थांबल्यावर तोच गारठवतो. ओले मोजे अंगाशी धरून वाळवायचे. शत्रू नंतर.

मग त्यांनी ठेवणीतली गोष्ट काढली. 2023 मध्ये भारत आणि अमेरिकेचा 'युद्ध अभ्यास' हा संयुक्त सराव अलास्कात झाला, फोर्ट वेनराइटच्या तळावर. भारताचे 350 जण गेले आणि त्यात मुख्य पलटण मराठा लाइट इन्फंट्रीची! रेजिमेंटचं सेंटर इथं आमच्या गावात, त्यामुळं काकांची छाती बनियनमध्ये मावेना.

"पण काका, तो सप्टेंबर होता," मी म्हटलं. "आणि तो तळ फेअरबँक्स गावाला लागून, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या बराच खाली येतो."

"तू जा तिथं, मग वृत्त मोज," म्हणून ते आंघोळीला निघाले. करंट गेलेला, गीझर बंद. तरी निघाले.

काका गेल्यावर काकूंचा आवाज उतरला. "कुणी मरतं का गं या सरावात?"

मरतं. 15 मार्च 2012 ला तिकडचाच 'कोल्ड रिस्पॉन्स' सराव चालू असताना नॉर्वेचं हर्क्युलिस विमान स्वीडनमधल्या केबनेकाइसे डोंगरावर आदळलं, आतले पाचही जण गेले. 2022 ला पुन्हा मार्चातच अमेरिकेचं ऑस्प्रे विमान पडलं, चार मरीन गेले. काकूंनी पाइप जास्वंदीवरून काढून तुळशीकडं वळवला आणि काही बोलल्या नाहीत.

मग मीच तिकडच्या उत्तर भागातल्या सामी लोकांचं सांगितलं. त्यांचे रेनडिअरचे कळप तिथं चरतात, मार्चात माद्या गाभण असतात, आणि वर हेलिकॉप्टरची घरघर. कळप उधळतात, पाळणारे वैतागतात.

"वैतागणारच! माहेरी दिवाळीत फटाके वाजले की आमची म्हैस दूध चोरायची."

"दक्षिण ध्रुवावर मात्र असल्या कवायतींना बंदीच आहे, काकू. 1959 च्या करारानं. सैनिक जातात, पण शास्त्रज्ञांच्या मदतीला."

"म्हणजे खालच्या मजल्यावर भांडायचं नाही आणि वरच्या मजल्यावर भांडणाची तालीम? कसली गं ही चाळ!"

इतक्यात न्हाणीघरातून बादली आपटल्याचा आवाज आला, मागोमाग मोठा हुंकार. सियाचीन बहुतेक विसरलं होतं.

"अगं ए! ट... टॉवेल!"

काकूंनी कानटोपी सारखी केली. "आधी नाव आणि नंबर सांगा!"