निवड समिती

डोंबिवलीत आमच्या वरच्या मजल्यावर एक निवड समिती राहते. अध्यक्ष, सचिव आणि सभासद मिळून तीत माणूस एकच, अप्पाकाका. पंखा घ्यायचा असो की पेरू, अप्पाकाका आधी वही काढतात, पट्टीने रकाने आखतात आणि मग गुणदोष भरायला बसतात. पेरूचा मोसम संपला तरी त्यांची हरकत नसते.

ताईने, म्हणजे त्यांच्या मुलीने, एकदा फोनवर सहज सांगितलं, ‘‘अप्पा, माझ्या लग्नाची डीव्हीडी पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा ना. इथे आता ती लावायलाच काही नाही.’’ लग्न २००७ सालचं. जांभळट पोटाची एकुलती एक तबकडी, पाठीवर मार्करने ‘शुभविवाह फायनल’. दुसरा कुणी असता तर ती घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेला असता. अप्पाकाकांनी वही काढली.

पहिलं भांडण खुद्द तबकडीशीच झालं. एक कोरी डीव्हीडी आणली, वेष्टनावर ४.७ जीबी आणि कॉम्प्युटर दाखवतो ४.३८. ‘‘किलोमागे सत्तर ग्रॅम मारले!’’ म्हणत ते थेट दुकानात. कंपनीचा जीबी शंभर कोटी बाइट्सचा आणि कॉम्प्युटरचा १०२४ च्या पटीतला, माल तेवढाच, माप वेगळं, हे दुकानातल्या पोराने समजावलं. अप्पाकाकांनी ते लिहून घेतलं. समाधान झाल्याची नोंद मात्र वहीत नाही.

मग सॉफ्टवेअरं. दोन थरांची साडेआठ जीबीची डीव्हीडी दाबून ४.७ मध्ये बसवणारं डीव्हीडी श्रिंक त्यांनी तीन पानं अभ्यासलं. ताईची तबकडी मुळातच एका थराची होती, पण अभ्यास वाया जात नाही. विकतच्या सिनेमांना कुलूप असतं, हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर ते उघडत नाही, यावर दोन पानं. लग्नाच्या डीव्हीडीला कुलूप नसतंच, हे तिसऱ्या पानावर.

मधे एक ‘पूर्ण मोफत’ म्हणून उतरवून घेतलं. त्याने नवरदेवाच्या कपाळावर, मुंडावळ्यांच्या जोडीला, स्वतःचं नाव छापलं. ते घालवायचे पैसे निराळे.

शेवटी मेकएमकेव्ही आणि हँडब्रेक उरले. ‘‘फरक काय हो?’’ मी विचारण्याची चूक केली. उत्तर काकूंनी स्वयंपाकघरातून दिलं, इतक्या वेळा ऐकून त्यांनाही पाठ झालं होतं. ‘‘एकात भाजी ह्या डब्यातून त्या डब्यात काढायची. दुसऱ्यात तीच परत शिजवायची. डबा लहान लागतो, पण चव थोडी जाते.’’ अप्पाकाकांनी मान डोलावली, ‘‘तत्त्वतः बरोबर.’’

हँडब्रेकवर मात्र त्यांचा जीव जडला. कारण त्याची १.० आवृत्ती निघाली २०१६ च्या डिसेंबरात, काम सुरू झाल्यावर तेरा वर्षांनी. ‘‘तेरा वर्षं!’’ अप्पाकाका गहिवरले. ‘‘तेरा वर्षं शून्य पूर्णांकात राहिले, पण घाई केली नाही. माणसं आपल्यातली वाटतात.’’

निवड झाली, तर आकडा आला. हँडब्रेकमध्ये दर्जाचा एक आकडा असतो, जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. डीव्हीडीला १८ ते २२ पुरतो. अप्पाकाकांनी अक्षतांचा तोच अर्धा मिनिट २० वर, १९ वर आणि साडेएकोणीसवर काढला आणि चष्म्याच्या डॉक्टरसारखं काकूंना विचारू लागले, ‘‘हे स्वच्छ, की हे?’’

‘‘मला तिन्हीकडे ताईच दिसतेय,’’ काकू म्हणाल्या.

राहता राहिले दाते. जुन्या कॅमेऱ्यांचं प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येतं, आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या. त्यामुळे कॉम्प्युटरवर हलत्या वस्तूच्या कडेला फणीसारखे दाते दिसतात. ते घालवायला डीइंटरलेस करावं लागतं. त्याचे पर्याय अनेक. वही दुसरी.

गेल्या रविवारी अखेर फाइल तयार झाली. आम्ही सगळे जमलो, ताई व्हिडिओ कॉलवर. मंगलाष्टकं टिपेला पोचली होती, भटजींचा हात वर गेला होता, सारा मांडव नवरानवरीकडे बघत होता. एवढ्यात कॅमेऱ्यापुढे एक कोटवाला आला. बोहल्याकडे पाठ, तोंड थेट भिंगात. सनईच्या गदारोळातही आवाज स्पष्ट होता, ‘‘टेप कुठली वापरता हो? आणि तीच का?’’ अंतरपाट दूर झाला तो त्या कोटाच्या खांद्याआड. खांदा बाजूला झाला तेव्हा हार घालून झाले होते.

खोलीत सगळे गप्प. मग फोनमधून ताईचं हसू फुटलं आणि काकूंनी पदर तोंडाला लावला. अप्पाकाका उठले, पडद्याजवळ गेले, आपल्याच खांद्यावर बोट ठेवलं.

‘‘कोटाची कड बघा,’’ ते म्हणाले. ‘‘एक दाता नाही!’’