गोल्फ सोडून सगळं

आदिलाबाद जिल्ह्यात गोल्फला लागणारं सगळं आहे. माळरान आहे, उंचसखल टेकड्या आहेत, पाणी हवं तर पैनगंगा आहे आणि वाळू हवी तर त्याच पैनगंगेत उन्हाळ्यात पाण्यापेक्षा जास्त सापडते. चेंडू हरवायला झुडपं आहेत, हरवलेला चेंडू शोधायला पोरं आहेत. नाही तो फक्त गोल्फ. ही अभिमानाची गोष्ट की खेदाची, यावर आमच्या घरात एकमत नाही. आमच्या साडूभाऊंना गोल्फ येतो, आणि हिच्या मते तो मलाही यायला हवा होता.

'सगळं आहे' ही थाप नव्हे. गोल्फची काठीच घ्या. आज ती पोलादाची, टायटॅनियमची, कार्बनच्या धाग्यांची असते, पण विसाव्या शतकात बराच काळ लांब टोले मारायच्या काठीचं डोकं अमेरिकेतल्या पर्सिमन नावाच्या झाडाच्या लाकडाचं असे. हे पर्सिमन आणि आमच्या जंगलातली टेंभुर्णी दोघी एकाच डायोस्पायरॉस घराण्यातल्या. सख्ख्या नव्हेत, पण चुलत बहिणी नक्की. तिकडच्या बहिणीनं साहेबलोकांचे चेंडू मारले आणि इकडचीनं आपली पानं बिडीला दिली. नशीब म्हणतात ते हेच. काठीच्या दांड्याला तिकडे हिकरी लागे. ते लाकूड चिवट, लवचीक, धक्का पचवणारं, म्हणून तिकडचे लोक कुऱ्हाडीलाही तेच वापरत. आमच्याकडे तीच कामगिरी धामण करते. कुऱ्हाडीचा दांडा धामणाचा, कावडीचा दांडाही धामणाचा. म्हणजे डोक्यापासून मुठीपर्यंत गोल्फची काठी आमच्या जंगलात उभी आहे. 2016 साली जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, तरी ती चारही वाटण्यांत थोडीथोडी आलेली असणार.

हे ज्ञान मला गेल्या दसऱ्याला झालं. साडूभाऊ हैदराबादला असतात. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलं. नुसतं चालणं त्यांच्या हुद्द्याला शोभेना, म्हणून ते चेंडू मारून त्याच्यामागे चालू लागले. गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात गोल्फचं मैदान आहे आणि त्याच आवारात हत्तीच्या पायासारख्या बुंध्याचं, काहीशे वर्षांचं गोरखचिंचेचं झाड आहे. साडूभाऊंचा चेंडू ते झाड चुकवत नाही, असं त्यांची पत्नी सांगते. ती आमच्या हिची बहीण असल्यामुळे खरं बोलते.

दसऱ्याला ते आले ते काठ्यांची पिशवी गाडीच्या डिकीत घालूनच. पिशवीत चौदा काठ्या. चौदाच का, असं विचारलं तर म्हणाले, नियमच आहे. पूर्वी काही खेळाडू वीस-पंचवीस काठ्या घेऊन फिरत आणि त्या उचलणाऱ्या पोऱ्याचा खांदा उतरे. शेवटी 1938 साली अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं चौदाची मर्यादा घातली आणि पुढच्या वर्षी ब्रिटननं. आमच्याकडे शेतातल्या बाईच्या डोक्यावर किती ओझं असावं याचा नियम अजून व्हायचा आहे, असं मी म्हणणार होतो, पण पाहुण्यांशी पहिल्याच दिवशी बोलायचं ते हे नव्हे.

दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या पडीत सराव झाला. सात नंबरच्या काठीनं टोला बसला आणि चेंडू जागेवरच राहिला. काठीचं डोकं मात्र सुंदर वळसा घेत शेजारच्या तुरीत जाऊन पडलं. चेंडूसाठी आणलेल्या पोरांनी ते शोधून काढलं. घरी येऊन पाहतो तर पटरही, म्हणजे शेवटी चेंडू हळूच भोकात ढकलायची काठी, डिकीच्या झाकणाखाली सापडून वाकलेली. ती एका वेल्डिंगवाल्याकडे नेली. त्यानं ती सरळ करून दिली, म्हणजे तिचे दोन सरळ तुकडे करून दिले.

साडूभाऊंनी हैदराबादला फोन लावले. काठ्या मापानं बांधून देणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर तिथं आहेत. ते गिऱ्हाइकाला उभं करून मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजतात, पंजा मोजतात, टोल्याचा वेग यंत्रावर पाहतात, आणि मग दांडा किती लांब, किती कडक, डोकं जमिनीशी किती अंशात बसवायचं ते ठरवतात. साडूभाऊ हे सगळं असं सांगत होते की ऐकणाऱ्याला वाटावं, माणसाच्या मापाचं अवजार जगात पहिल्यांदाच निघालं. मी म्हटलं, "साडूभाऊ, चला. आमच्या लोहाराकडं जाऊ."

लोहाराकडे सोयाबीन काढणीच्या विळ्यांची गर्दी होती. भाता चालू होता. आमच्या पुढं एक बाई होती. लोहारानं तिला विचारलं, "डावरी का उजवी?" ती म्हणाली, "डावरी." त्यानं त्या बाजूनं धार काढली, तिचा पंजा पाहून मूठ बारीक केली आणि विळा हातात दिला. जादा पैसे नाहीत, तपासणीची वेगळी फी नाही. डावखुऱ्या गोल्फवाल्याला मनाजोगत्या काठ्या मिळवताना किती वणवण होते हे साडूभाऊंनीच मला आदल्या रात्री सांगितलं होतं. ते आता गप्प उभे होते.

आमचा नंबर आला. लोहारानं सात नंबरचं डोकं उलटंपालटं करून पाहिलं.

"गुरुजी, हे कायचं अवजार हाय?"

"गोल्फचं."

"यानं काय करतेत?"

"चेंडू मारतात."

"आन् मंग?"

"मग तो शोधतात."

"सापडला का मंग?"

"पुन्हा मारतात."

लोहार थोडा वेळ थांबला. "मजुरी कोण देते?"

"मजुरी नाही. हेच वर्गणी भरतात."

लोहारानं काही न बोलता साडूभाऊंना बसायला पोतं दिलं.

पहिला वाद पाचरीवरून झाला. कुऱ्हाड ढिली झाली की दांड्यात पाचर ठोकायची आणि रात्रभर पाण्यात टाकायची, लाकूड फुगतं आणि नेढ्यात घट्ट बसतं, हे शास्त्र लोहार साडूभाऊंना शांतपणे समजावत होता. साडूभाऊ त्याला तितक्याच शांतपणे समजावत होते की हा दांडा पोलादाचा आहे, तो महिनाभर पाण्यात राहिला तरी फुगायचा नाही, गंजेल मात्र. लोहारानं दांडा वाजवून पाहिला आणि मान्य केलं. मग हैदराबादच्या कारागिरानं फोनवर सांगितलेली पद्धत मी वाचून दाखवली. आत वाळलेला जुना गोंद कोरून काढा. दांड्याचं टोक सँडपेपरनं खरखरीत करा, कारण गुळगुळीत पोलादावर गोंद धरत नाही. दोन नळ्यांतला इपॉक्सी गोंद सारखा मिसळा, दांडा फिरवत आत सारा, डोक्याची दिशा पाहा आणि एक दिवस हात लावू नका. दोन नळ्यांचा गोंद आमच्या गावात प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. इथं बादल्यांपासून देवाच्या मूर्तीपर्यंत सगळं त्यावरच उभं आहे.

पटरचं काम अवघड होतं. तुटलेल्या दांड्याचा तुकडा डोक्याच्या नळीत अडकून बसला होता. कारागीर म्हणाला होता की गोंद तापला की सोडतो, त्यासाठी हीट गन लागते. लोहारानं भात्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच हसला. त्यानं डोकं सांडशीत धरून निखाऱ्यांवर असं फिरवलं की लाली यायच्या कितीतरी आधी गोंद मऊ होऊन तुकडा निघाला. लोखंड किती तापलं हे त्याला रंगावरून कळतं, आणि रंग यायच्या आधी किती तापलं हे कशावरून कळतं ते त्यानं सांगितलं नाही. तो धंद्याचा भाग असावा.

आता दांडा आणायचा कुठून? लोहारानं वर हात घालून आढ्याला खोचलेली वाळलेली धामण काढली. साडूभाऊंनी आधी नियम तपासले. लाकडाच्या दांड्याला बंदी नाही. एकेकाळी सगळे दांडे लाकडाचेच होते. पोलादाला अमेरिकेनं 1924 साली परवानगी दिली आणि ब्रिटननं 1929 साली, म्हणजे धामण ही नियमाच्या दृष्टीनं पोलादाची थोरली. लोहारानं साडूभाऊंना बुटांसकट सरळ उभं केलं, हात सैल सोडायला सांगितला आणि मनगटापासून जमिनीपर्यंत सुतळी लावली. साडूभाऊ माझ्याकडे पाहू लागले. मी आकाशाकडे पाहू लागलो.

शेजारच्या वाढईनं वाकसानं तासून, रंधा मारून आणि शेवटी फुटक्या काचेनं खरवडून दांडा असा गुळगुळीत केला की साडूभाऊ तो गालाला लावून पाहू लागले. त्यावर जवसाचं तेल चोळलं. स्कॉटलंडातले जुने कारागीरही हिकरीला जवसाचंच तेल पाजत, पण वाढईनं ते कुणाला विचारून केलं नव्हतं. घरात तेच होतं. लोहाराचा मात्र नुसत्या गोंदावर विश्वास बसेना. त्यानं नळीतून आरपार भोक पाडून एक खिळा ठोकला आणि दोन्ही बाजूंनी चेपला. लाकडी दांड्यांच्या काळात लोखंडी डोकी याच पद्धतीनं बसवत. एका धंद्याची दोन माणसं पाच हजार मैलांवर आणि शंभर वर्षांच्या अंतरानं एकाच ठिकाणी खिळा ठोकतात, कारण लोखंड आणि लाकूड दोन्हीकडे सारखंच हट्टी असतं.

राहिली मूठ. रबराच्या मुठीला चीर गेली होती. ते काम सायकलवाल्यानं केलं. दांड्याला दुहेरी चिकटपट्टी, त्यावर आणि मुठीत थोडं पेट्रोल, की मूठ सरकन चढते, आणि पेट्रोल उडून गेलं की पट्टी धरते. हैदराबादचे कारागीरही असंच करतात, फक्त ते पेट्रोलऐवजी एका खास द्रावणाची बाटली वापरतात, आणि त्या बाटलीचे वेगळे पैसे लावतात.

रात्री जेवताना साडूभाऊ म्हणाले, "लोहाराकडून गोल्फची काठी! लोक हसतील." मग मी त्यांनीच आणलेल्या पुस्तकातून त्यांना वाचून दाखवलं. स्कॉटलंडच्या दुसऱ्या जेम्स राजानं 1457 साली गोल्फवर बंदी घातली, कारण रयत धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडू मारत सुटली होती. त्याचा नातू चौथा जेम्स. त्यानं 1491 साली ती बंदी पुन्हा बजावली, आणि 1502 साली स्वतःसाठी गोल्फच्या काठ्या करवून घेतल्या. त्या केल्या कुणी? पर्थ गावच्या धनुष्य करणाऱ्यानं. राजाच्या हिशेबात त्याचे चौदा शिलिंग लिहिलेले आहेत. ज्याच्या धंद्यासाठी बंदी घातली, त्याच्याकडूनच बंदी मोडायचं साहित्य घेतलं. हिनं हे ऐकून माझ्या आजोबांची आठवण काढली, पण ती वेगळी गोष्ट आहे.

मुंबईचं उदाहरण तर याहून जवळचं. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबात साहेबांच्या पिशव्या उचलणाऱ्या कॅडींनी आपल्या वस्तीतच गोल्फ सुरू केला. बांधकामावरच्या लोखंडी सळ्या तापवून, टोक ठोकून चपटं केलं, हव्या त्या कोनात वाकवलं, मुठीला रबर गुंडाळलं आणि गल्लीबोळांत प्लॅस्टिकचा चेंडू खेळवला. परदेशी छायाचित्रकार ते टिपायला आले. तिथं चौदा काठ्यांचा नियम कुणी मोडला नाही, एका सळीतच सगळं भागत असे. कोन मात्र ज्याच्या त्याच्या मनगटाला जुळेल असा. साहेबांची काठी उचलून उचलून त्यांना कळलं होतं की काठी साहेबाच्या मापाची आहे, आपल्या नव्हे.

साडूभाऊ पटर घेऊन हैदराबादला गेले. तिथं मंडळी हसली नाहीत, उलट घोळका करून उभी राहिली. हातानं तासलेला दांडा, आरपार खिळा, जवसाच्या तेलाचा वास. परदेशी का, असं एकानं विचारलं. साडूभाऊ 'मापाप्रमाणे बांधलेली आहे' एवढंच बोलले आणि गाव सांगायचं टाळलं. आठवड्यानं त्यांचा फोन आला की पाच जणांना तशाच काठ्या हव्यात, पैशाचा प्रश्न नाही, लोहाराला विचारा.

मी विचारलं. लोहार विळ्यावरून नजर न काढता म्हणाला, "आता जमत नाही, गुरुजी. सोयाबीन झाली का ज्वारी, मंग हरभरा, मंग उन्हाळ्यात फाळं, कुऱ्हाडी. पोळ्याच्या आधी आठ दिस मोकळा असतो. तवा सांगा त्यायले. आन् परतेकाले स्वतः यावं लागते. दुसऱ्याच्या हातचं माप मी घेत नाही."

मी हे जसंच्या तसं कळवलं आणि वाटलं, सुटलो. पण साडूभाऊंचा लगेच उलटा फोन आला. जवळजवळ वर्षभर थांबावं लागतं आणि माप द्यायला जातीनं तीनशे किलोमीटर जावं लागतं, हे ऐकून पाचाचे अकरा झाले होते.