पस्तीस अंशांपलीकडचा फोन

आयफोन वापरताना भोवतालचं तापमान 0 ते 35 अंश सेल्सिअस असावं, असं खुद्द अ‍ॅपलनेच सांगून ठेवलं आहे. याचा नगरी अर्थ असा, की होळी पेटली की फोन धुवट धोतरात गुंडाळून माळ्यावर टाकायचा आणि दोन पाऊस पडून जमीन निवली की खाली काढायचा. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, आणि तोही सावलीतला. उन्हातल्या माणसाचं तापमान कोणी मोजत नाही. फोन मात्र स्वतःचं स्वतः मोजतो, आणि आधी मला निवू द्या, मग बोला, असं बजावून पडदा काळा करून बसतो.

मी नगरच्या एका दैनिकाच्या पुरवणीत मोबाईल आणि तत्सम वस्तूंवर सदर लिहितो. (2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. माझ्या फोनमधलं एक अ‍ॅप जुनं नाव दाखवतं, दुसरं नवं. स्टँडवर मात्र अजून 'नगर, नगर, नगर' अशीच आरोळी ऐकू येते.) माझ्या व्यवसायातली बडी मंडळी मुंबई-बंगळुरूच्या हॉटेलांत भरणाऱ्या सोहळ्यांना जातात. तिथे अंधार करतात, धूर सोडतात, मग काळ्या टी-शर्टातला एक गृहस्थ येऊन खिशातून फोन काढतो. खिशातून फोन काढला म्हणून टाळ्या पडणारी जगातली ही एकमेव जागा असावी. आमच्याकडे खिशातून फोन काढला तर समोरचा म्हणतो, "एक मिस कॉल मार बरं, माझा कुठं पडलाय बघू."

सोहळा संपला की ही मंडळी समोरासमोर बसून तासतासभर चर्चा करतात. विषय : फोन 7.8 मिलिमीटर जाड आहे की 8.1. फरक म्हणे हाताला जाणवतो. जाणवतही असेल, पण आमच्याकडे फोन खोक्यातून निघतो तो थेट दुकानातल्या पोराच्या हातात जातो. तो आधी टफन लावतो, मग चारी कोपरे फुगलेलं कव्हर चढवतो. कंपनीच्या इंजिनिअरने वर्षभर खपून वाचवलेली जाडी तो पोरगा शंभर रुपयांत भरून देतो, वर म्हणतो, "आता बिनधास्त आपटा."

अमेरिकेत वॉल्ट मॉसबर्ग नावाचे पत्रकार होते या धंद्यात. 2017 मध्ये निवृत्त झाले. ऑक्टोबर 1991 मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये त्यांनी सदर सुरू केलं, ते वाचकाला दिलासा देऊनच : कॉम्प्युटर वापरायला अवघड आहेत, पण त्यात दोष तुमचा नाही. त्या एका दिलाशावर आमचा सगळा व्यवसाय उभा राहिला. नगर जिल्ह्यात तो दिलासा देण्याची सोय नाही. दोष आपला असू शकतो ही शंका इथे मुळात कोणाला येतच नाही. दोष माझा असतो. "तुम्हीच छापलं होतं ना चांगला म्हणून? मग आता या, आणि चालू करून दाखवा." पत्ताही सांगतात. "पाथर्डीत उतरा, तिथून पोरगं गाडीवर घ्यायला येईल."

आणि त्यांचे प्रश्न! प्रोसेसर कोणता, रॅम किती, हे एकजात सगळे विसरतात. पहिला प्रश्न ठरलेला : "मोटर चालू असताना रिंग ऐकू येईल का?" यावर बंगळुरूच्या पंडितांनी एक ओळही लिहिलेली नाही. ते स्टिरिओ स्पीकरचा बास तपासतात. साडेसात अश्वशक्तीच्या मोटरीसमोर बास कोण तपासणार?

दुसरं प्रकरण उजेडाचं. हल्ली पडद्याची चमक 'निट्स'मध्ये मोजतात आणि जाहिरातीत 4,500 वगैरे आकडे झळकतात. ही शिखरावरची चमक पडद्याच्या चिमूटभर तुकड्यापुरती असते, पण जाहिरातीत तुकडा दाखवत नाहीत, शिखर दाखवतात. त्याची खरी परीक्षा ई-पीक पाहणीत होते. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर हा कारभार सुरू झाला. पूर्वी तलाठीभाऊसाहेब पीक बघून सातबाऱ्यावर नोंद करत. बघून करत की न बघता, हा वेगळा लेख होईल. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून, जीपीएस लावून, पिकाचा फोटो काढून नोंद करायची. श्रीगोंद्याकडे आमचे एक नाना आहेत. भर दुपारी कांद्याच्या वाफ्यात उकिडवे बसून, डोक्यावरून टॉवेल घेऊन, त्या टॉवेलाच्या आत फोन धरून ते नोंद करत होते. बाहेर मी.

"नाना, दिसतंय का काही?"

"माझंच तोंड दिसतंय."

पोराने त्यांना 200 मेगापिक्सेलचा फोन घेऊन दिला होता. मी आपली माहिती म्हणून सांगितलं, की असा कॅमेरा रोजच्या फोटोला सोळा-सोळा ठिपके एकत्र करतो आणि हातात साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. नाना टॉवेलातून बाहेर आले.

"म्हंजी सोळा पोती घालायची आन एक मोजायचं? मग हे आडत्यानंच काढलेलं दिसतंय."

आजवर वाचलेल्या कॅमेऱ्यांच्या परीक्षणांत इतकं नेमकं मला काही आठवत नाही.

बोटांकडे तर कोणाचंच लक्ष नाही. आताच्या काचेला बोट कळतं ते त्वचेतून जाणाऱ्या बारीकशा विद्युतभारामुळे. घट्टे पडून कातडी जाड आणि कोरडी झाली की काचेला वाटतं, समोर कोणी नाहीच. कांद्याची लागण करणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या हातांना हा अपमान दिवसातून अनेकदा गिळावा लागतो. पारनेरकडच्या एका मावशींनी त्यावर तोडगा काढलाय : त्या सगळा फोन करंगळीने चालवतात. खुरपं धरताना तिच्यावर भार कमी, म्हणून तीच तेवढी मऊ राहिली आहे. नोकियाने 2012 मध्ये लुमिया 920 आणला तेव्हा हातमोजे घालूनही चालणारी काच दिली होती. फिनलंडची कंपनी, तिकडे थंडी. 'ग्लव्ह मोड' आजही काही फोनांत सेटिंगच्या तळाशी पडलेला असतो. मावशींना तो लावून दिला आणि पहिल्यांदाच अंगठ्याने त्यांचा फोन उघडला. "हे आधी का नाय सांगितलं?" त्या म्हणाल्या. पुन्हा दोष माझाच.

कुलपाचं म्हणाल तर याच जिल्ह्यात शनिशिंगणापूर आहे. घरांना दारं नाहीत म्हणून प्रसिद्ध. 2011 मध्ये युको बँकेने तिथे बिनकुलपाची शाखा काढली तेव्हा देशभर बातम्या झाल्या. तिथल्या भाविकांच्या रांगेत उभं राहून बघा. शनिदेवावर पूर्ण भरवसा, पण फोनला पॅटर्न, बोट आणि चेहरा अशी तिहेरी कडी. चोराचं भय नाही, बायकोचं आहे.

आम्हा पत्रकारांनाही कधी कधी साडेसाती भोवते. फेब्रुवारी 2016 मध्ये नोएडाच्या एका कंपनीने 251 रुपयांत स्मार्टफोन जाहीर केला, फ्रीडम 251. भल्याभल्यांनी रकानेच्या रकाने भरले. मग पत्रकारांना दिलेल्या नमुन्याच्या फोनवर पांढऱ्या व्हाइटनरचा डाग दिसला. खरवडला तर खाली ॲडकॉम या दुसऱ्याच कंपनीचं नाव. आमच्या आळीतल्या अण्णांनी डाग दिसण्याआधीच निकाल दिला होता. आकडा ऐकूनच म्हणाले, "दोनशे एक्कावन्न हा आहेराचा आकडा आहे. आहेर परत मागायचा नसतो."

आता डिजिटल माध्यमांकडे येऊ. नगर तालुक्यातल्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे यांचं नाव महाराष्ट्राला 2020 मध्ये कळलं. नातवाने पावभाजी कर म्हटलं आणि यूट्यूबवरची कृती दाखवली, तर आजी म्हणाल्या, याहून चांगली मीच करते. केली. त्यातून 'आपली आजी' हे चॅनेल निघालं आणि सत्तरीच्या आजींचे लाखो सबस्क्रायबर झाले. त्याच ऑक्टोबरात चॅनेल हॅकही झालं आणि काही दिवसांत परत मिळालं. माझ्याकडे त्या दिवसांत जिल्ह्याच्या चौदाही तालुक्यांतून एकच विचारणा : आजींचा मोबाईल कोणता? मसाला कोणता, हे एकानेही विचारलं नाही. गावोगाव ट्रायपॉड आले, कॉलरचे माइक आले, रिंगलाइट तर इतके आले की दुकानदार चकित. घरोघरच्या आज्यांना चुलीपुढे बसवण्यात आलं. बऱ्याच आज्यांनी पहिल्याच वाक्यात सुनेचा उद्धार केल्यामुळे ती चॅनेलं चालली नाहीत. मला विचाराल तर तीच चालायला हवी होती. रिंगलाइट वाया गेले नाहीत. आमच्या पाहण्यातला एक गोठ्यात टांगलाय, म्हशीच्या बाळंतपणासाठी. मालकाचा अभिप्राय : "सावली पडत नाय." हे मात्र खोक्यावर छापलेल्या दाव्यानुसारच.

शेवटी रात्र. शेतीची वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते. रात्रीची आली की माणूस उसात दारं धरायला निघतो. राहुरी, संगमनेर, अकोले पट्ट्यात त्याच उसात बिबट्याही असतो. अशा वेळी फोनचा सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे टॉर्च. 2003 च्या नोकिया 1100 ला तो होता, कीपॅडमध्ये धूळ शिरत नव्हती, आणि जगभर 25 कोटींवर तो फोन खपला. परीक्षणं वाचून तो कोणी घेतला नव्हता. पुढे पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' तयार केलं. मोटर चालू करायची ती घरात बसून, फोनवरून. वीज आहे की नाही तेही कळतं. 2009 मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळालं. आता सिमकार्डाचे स्टार्टर खेडोपाडी दिसतात.

परवा नेवाशाकडून फोन आला. गृहस्थांना मळ्यातल्या कोठीत ठेवायला मोबाईल हवा होता. आपण घरून फोन लावायचा, त्याने आपोआप उचलायचा, आणि मोटरीचा आवाज ऐकून कळलं पाहिजे की पाणी चालू आहे. "स्टार्टर सांगतो चालू म्हणून, पण तो इलेक्ट्रॉनिक. कानाची खात्री वेगळी." ऑटो आन्सरचे साधे फोन मी सुचवले. बॅटरी टिकेल असे सांगितले. ते म्हणाले, ते सगळं ठीक, पण मुख्य गोष्ट राहिली. विहिरीवरची केबल दोनदा चोरीला गेलीय. फोन असा सांगा, जो चोराला आवडणार नाही.

मी सगळी परीक्षणं धुंडाळली. तरुणांना आवडेल, गेमरना आवडेल, सेल्फी काढणाऱ्यांना आवडेल असे रकाने होते. चोराचा रकाना कोणीच ठेवलेला नाही. शेवटी एका कंपनीच्या प्रसिद्धी विभागाला इंग्रजीत रीतसर पत्र लिहिलं. दोन दिवसांत उत्तर आलं : आमचा प्रत्येक फोन समाजाच्या सर्व थरांतल्या ग्राहकांना सारखाच आवडेल, याची आम्ही काळजी घेतो.

नेवाशाला तसं कळवलं. ते म्हणाले, मग ही कंपनी कटाप.